पोटात पाणी आलं कुठून?

(मालवण येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आहे कुत्र्यांच्या अंगात आणि पोटात साठणारं पाणी. पशुवैद्यक बोलायला उभा राहिला की तो रेबीजवर बोलणार, असं लोक धरूनच चालतात. रेबीजवर बोलणारे आता सुदैवाने बरेच आहेत. फुगलेल्या कुत्र्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. दांडीपासून देवबागपर्यंत कुठल्याही वाडीत जा, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकं वाळलेलं आणि पोट तेवढं टम्म झालेलं एखादं कुत्रं दिसतंच. घरातली माणसं सांगतात, "खाता काय नाय, पन प्वॉट मात्र वाढताहा." कोणी म्हणतं वारा धरलाय, कोणी म्हणतं माशांची आतडी जास्त खाल्ली. पंधरा-वीस दिवस असेच जातात. श्वास घ्यायला जड जाऊ लागलं की मग कुत्र्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणतात आणि मागणी एकच असते: डॉक्टर, एवढं पाणी काढून टाका.

सुईने पाणी काढणं काही मिनिटांचं काम आहे. कुत्रं उठून शेपटी हलवतं, घरचे खूश होतात. आठवडाभरात पोट परत तेवढंच. पाणी साठणं हा मुळात रोगच नाही, कुठल्यातरी रोगाची ती खूण आहे. ते आलं कुठून हे शोधल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही. आपल्या किनाऱ्यावर त्याचं उत्तर पुष्कळदा आपल्याच अंगणात, वाळूत आणि कुत्र्याच्या वाडग्यात सापडतं, म्हणून हा विषय मी दवाखान्यात न ठेवता तुमच्यासमोर आणला आहे.

आधी थोडं शरीराबद्दल. तुमच्यापैकी ज्यांच्या नारळ-सुपारीच्या बागा आहेत त्यांनी पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणावं. पाटात जोर जास्त झाला तर पाणी कडेने बाहेर येतं. काठाला खेकड्याने भोकं पाडली तर जोर नसतानाही येतं. आणि बागेतून निचरा होण्याची वाट बुजली तर आलेलं पाणी तिथेच तुंबतं. रक्तवाहिन्यांचं बरंचसं असंच आहे. फक्त तिथे आणखी एक गोष्ट असते, जी पाटात नाही: रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं आणि ते पाणी आत ओढून धरतं. यकृत ते तयार करतं. निरोगी कुत्र्याच्या 100 मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण अडीच ते चार ग्रॅम असतं. ते दीड ग्रॅमच्या खाली घसरलं की पाणी वाहिन्यांत टिकत नाही. पायांत, छातीखाली, पोटात उतरू लागतं. म्हणजे कारणं चार: दाब वाढला, अल्ब्युमिन घटलं, वाहिनीची भिंत गळकी झाली, किंवा निचरा बंद झाला. कुत्र्याच्या अंगात पाणी साठवणारा कुठलाही आजार घ्या, तो या चारांपैकी एका किंवा अनेक दारांनी येतो.

हे ज्ञान आपल्याला दिलं कोणी? अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1896 मध्ये हा हिशेब मांडला, आणि तो मांडला कुत्र्याच्या मागच्या पायावर प्रयोग करून. पायातल्या ऊतींत क्षाराचं पाणी भरून, त्यातून रक्त खेळवून, ते पाणी परत रक्तात शोषलं जातं हे त्याने दाखवलं. आज माणसाच्या अतिदक्षता विभागात सलाईन किती द्यायचं हे ठरतं तेव्हा त्यामागे हाच विचार असतो. पुढे 1903 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टार्लिंग आणि त्याचा सहकारी बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग केला, त्यावरून खटला झाला, दंगे झाले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ 1906 मध्ये बॅटरसी इथे पुतळा उभा राहिला आणि 1910 मध्ये तो रातोरात हटवला गेला. कुत्र्याचं ऋण तिथेच संपत नाही. हत्तीरोगाविरुद्ध आपल्या देशात घरोघर वाटली जाणारी डीईसीची गोळी घ्या. तेलुगू भूमीतून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी 1947 च्या सुमारास ती पुढे आणली, तेव्हा तिची परीक्षा झाली ती उंदीरवर्गीय प्राण्यांवर आणि कुत्र्यांवर. त्या प्रयोगांच्या बऱ्यावाईटात आज मी शिरत नाही. पण सुजेचं शास्त्र माणसाला कुत्र्याकडून मिळालं, आणि आज वाडीतल्या कुत्र्याला त्याच शास्त्राचा उपयोग होत नाही, हे मला फार लागतं.

आता टेबलावर आलेलं कुत्रं कसं पाहायचं ते सांगतो, कारण यातलं निम्मं तुम्ही घरी करू शकता.

पहिल्यांदा वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी असायला हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. हिरडी मुळातच पांढरी असेल तर रक्त कमी आहे. पिवळी असेल तर यकृताचा किंवा रक्तपेशी फुटण्याचा संशय. मग मागच्या पायाच्या नडगीवर अंगठा ठेवून सावकाश दाबा आणि काढा. खड्डा पडून तो हळूहळू भरत असेल तर तिथे पाणी आहे. खड्डा न पडणारी, गरम, हात लावू न देणारी सूज म्हणजे पू, मार किंवा दंश. मग पोट. एका बाजूला तळवा सपाट लावून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने बोटाने टिचकी मारायची. आत पाणी असेल तर लाट येऊन तळव्याला लागते.

फुगलेलं प्रत्येक पोट पाण्याचं नसतं हेही ध्यानात ठेवा. मादीच्या गर्भाशयात पू भरला तरी पोट वाढतं आणि ती पाणी फार पिऊ लागते. मोठ्या, खोल छातीच्या जातीच्या कुत्र्याचं पोट तासा-दोन तासांत डब्ब झालं, ते ओकायचा प्रयत्न करतंय आणि काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असतो. तिथे सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.

पिल्लापासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त जीव तिथे जातात आणि सर्वांत स्वस्तात वाचतात. आपल्या वाडीत कुत्री विते ती होडीखाली, जाळ्यांच्या ढिगाआड, माडाच्या आळ्यात. सावली, ओल आणि वाळू. अंकुशकृमी या आतड्यातल्या जंताच्या अळीला याहून सोयीची जागा नाही. विष्ठेतून पडलेली अंडी उष्ण, ओल्या, रेताड जमिनीत फुटतात आणि आठवडाभरात त्यांतल्या अळ्या लागण करायला तयार होतात. त्या तोंडाने जातात, पंजाच्या कातडीतून जातात आणि पिल्लांच्या बाबतीत आईच्या दुधातून जातात. कुत्रीच्या स्नायूंत दडून बसलेल्या अळ्या ती व्याली की जाग्या होतात आणि दुधात उतरतात. त्यामुळे पिल्लू जमिनीवर नीट चालायला लागण्याआधीच त्याच्या आतड्यात जंत असतात.

आता हिशेब करा. कुत्र्याचा हा जंत आतड्याच्या अस्तराला दात रोवून रक्त पितो, आणि एक जंत दिवसाला 0.1 मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही. पण एक किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्तच 80 ते 90 मिलिलिटर असतं. पोटात शंभर जंत असले तर रोज 10 मिलिलिटर गेलं. रक्ताबरोबर अल्ब्युमिनही गेलं. आईचं दूध कितीही असो, यकृत ती तूट भरून काढू शकत नाही. मग हिरड्या पांढऱ्या, विष्ठा काळी, डांबरी, पाय सुजलेले आणि पोटात पाणी. अशी पिल्लं तिसऱ्या आठवड्यातच दगावतात. लोक म्हणतात दृष्ट लागली, एकामागून एक गेली. विष्ठा तपासली तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंडी दिसत नाहीत, कारण जंत अजून अंडी घालायच्या वयाचे झालेले नसतात. रक्त मात्र पीतच असतात. म्हणून तपासणीत काही आलं नाही म्हणून जंत नाहीत, असं समजू नये.

उपाय साधा आहे. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला पुन्हा, आणि त्याच वेळी आईलाही. पायरँटेलची बाटली महाग नसते. अगदीच रिकामं झालेलं पिल्लू असेल तर त्याला रक्त चढवावं लागतं, आणि ते निरोगी मोठ्या कुत्र्याचं घेऊन चढवता येतं. पुष्कळ जणांना हे माहीतच नसतं. हीच अळी माणसाच्या तळपायातही शिरते. आत जाऊन तिला वाट सापडत नाही, ती कातडीखाली नागमोडी रेघ काढत फिरते आणि खाजून जीव नको होतो. उष्ण प्रदेशांतल्या वाळूच्या किनाऱ्यांवर अनवाणी फिरणाऱ्यांना हा त्रास होतो. तारकर्ली-देवबागला पर्यटक आणि आपली मुलं अनवाणीच असतात. कुत्र्याला औषध देणं हे त्यामुळे नुसतं भूतदयेचं काम राहत नाही.

थोड्या मोठ्या कुत्र्यांकडे वळलो की जंताची जागा गोचीड घेतो. आपल्या चिरेबंदी घरांचा मला अभिमान आहे, पण जांभ्याची न गिलावलेली भिंत ही तपकिरी गोचिडाची वखार असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि सांध्यात, भोकात एका वेळी हजारो अंडी घालते. कुत्र्याला नुसता साबण लावून आंघोळ घातली तर फार तर त्याच्या अंगावरचे काही गोचीड जातील, भिंतीतले राहतील. हा गोचीड एर्लिकिया आणि बाबेसिया असे दोन रोग घेऊन हिंडतो. एर्लिकिया पहिल्यांदा ओळखला गेला 1935 मध्ये अल्जीरियात, आणि जगाच्या नजरेत आला तो व्हिएतनाम युद्धात, अमेरिकन लष्कराची कुत्री त्याने पटापट मेली तेव्हा. ताप येतो, नाकातून रक्त येतं, प्लेटलेट घसरतात. रोग जुना झाला की अल्ब्युमिन घटतं, वाहिन्यांना दाह होतो, मागचे पाय आणि नराचं वृषण सुजतं. वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे, आणि पूर्ण चार आठवडे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि घरचे पाचव्या दिवशी गोळ्या थांबवतात. पुन्हा कुत्रं येतं ते पांढरं पडून. गोळीचं पाकीट संपेपर्यंत द्या, हे मी दारापर्यंत जाऊन ओरडून सांगतो, आजही सांगतो.

हत्तीपायाचे रुग्ण पाहिलेली जुनी माणसं कुत्र्याचे सुजलेले पाय बघून विचारतात, ह्याला तोच रोग झालाय का? नाही. आपल्याकडे माणसाला हत्तीरोग देणारा जंत कुत्र्यात वाढत नाही. कुत्र्याचा स्वतःचा हृदयकृमी असतो. तो डासामार्फतच पसरतो, उजव्या हृदयात राहतो आणि पोटात पाणी करतो, पण आपल्या देशात त्याचा जोर ईशान्येकडे जास्त आहे. पश्चिम किनाऱ्यावर अधिक आढळतो तो त्याचा भाऊबंद, कातडीखाली राहणारा आणि त्यामानाने निरुपद्रवी.

हृदयाबद्दल थोडक्यात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत म्हातारपणी झडप गळू लागते. डाव्या बाजूचं हृदय थकलं की पाणी फुप्फुसात साठतं आणि रात्री खोकला सुरू होतो. उजवी बाजू थकली की पोटात. चाकरमानी गणपतीला येताना लॅब्रेडोर, बॉक्सर, डॉबरमन घेऊन येतात. मोठ्या जातींत, विशेषतः डॉबरमन आणि बॉक्सरमध्ये, हृदयाचा स्नायूच पातळ होऊन पसरण्याचा रोग दिसतो. घरच्या घरी एक चांगली परीक्षा आहे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तीसच्या खाली असेल तर ठीक. रोज तीसच्या वर जात असेल तर डॉक्टरला दाखवा. विल्यम विदरिंगने 1785 मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचं औषध सर्वांगसुजेवर चालतं असं पुस्तक लिहून सांगितलं, तिथून हृदयाच्या औषधांची वाट सुरू झाली. आज आपल्या हाताशी फ्युरोसेमाइड आहे, स्पायरोनोलॅक्टोन आहे, पिमोबेंडन आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की झडपेच्या आजारात हृदय मोठं झाल्यावर, पण लक्षणं सुरू होण्याआधी पिमोबेंडन दिलं तर हृदय हरण्याची वेळ सरासरी पंधरा महिने लांबते. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार मोठे.

आणि या सगळ्या औषधांवर आपण एका गोष्टीने बोळा फिरवतो: खारे मासे. खारवलेला बांगडा, सुकी सुंगटं, त्यांचं कालवण घालून मऊ केलेला भात. कुत्रं मिटक्या मारत खातं, घरच्यांना समाधान वाटतं. पण थकलेल्या हृदयाच्या कुत्र्याला मीठ म्हणजे अंगात पाणी धरून ठेवण्याचं निमंत्रण. सकाळी लघवी होण्याची गोळी आणि दुपारी खारा बांगडा. मग गोळी चालत नाही म्हणून डोस वाढवायचा आणि मूत्रपिंड खराब करायचं. हृदयाच्या कुत्र्याला ताजा मासा बिनमिठाचा उकडून, काटे काढून द्या. पेडवे द्या, तारली द्या. मासा तोडू नका, मीठ तोडा.

आता वाडग्याकडे येतो. इथे मला थोडं थांबायचं आहे.

1974 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच पश्चिम भारतात, गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या शेजारशेजारच्या आदिवासी जिल्ह्यांत एक साथ आली. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस पडला होता, मका भिजला होता, आणि गरिबांकडे तो टाकून देण्याची चैन नव्हती. लोकांना कावीळ झाली, पाठोपाठ पोटात पाणी भरू लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी पाहणी करून 1975 मध्ये ती वैद्यकीय जगासमोर मांडली: 397 रुग्ण, त्यांतले 106 मृत. मक्यावर वाढलेल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, हे कारण. काही नमुन्यांत त्याचं प्रमाण किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम इतकं सापडलं, म्हणजे आज अन्नात चालवून घेतल्या जाणाऱ्या मर्यादेच्या शेकडो पट. आणि त्या घरांतली कुत्री? तीही तोच मका खात होती. त्यांनाही कावीळ झाली, पोटात पाणी भरलं आणि ती मेली. साथीच्या अभ्यासकांनी त्यांचीही नोंद घेतली, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे.

ही हकीगत मला वर्षानुवर्षं सोडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोत्याच्या तळाचे तांदूळ कोंदटतात, शेंगदाण्याला बुरा येतो, खोबऱ्याला बुरशी धरते. घरातली बाई ते बाजूला काढते, आणि आपल्या कुठल्याही घरात पुढचं वाक्य ठरलेलं असतं: कुत्र्याक घाल. माणसाने खायचं नाही ते कुत्र्याने खायचं. बुरशीचं विष उकळून जात नाही. अफ्लाटॉक्सिन आपल्या चुलीच्या आंचेला बहुतांशी टिकून राहतं. कुत्र्याचं यकृत या विषाला माणसाच्या यकृताहून कमी दाद देईल, असं मानायला काही आधार नाही. उलट कुत्रा त्याला फार हळवा आहे. थोडं थोडं रोज गेलं तर यकृत आकसतं, अल्ब्युमिन बनणं बंद होतं, यकृतातून जाणाऱ्या रक्ताचा दाब चढतो, आणि पोट भरू लागतं. एकाच आजाराने दोन दारं उघडली. तोवर भूक मेलेली असते, डोळे पिवळे असतात, आणि माझ्या हाती फारसं काही उरत नाही. म्हणून बुरसटलेलं धान्य जमिनीत पुरा. कोंबड्यांनाही घालू नका.

पोटातल्या पाण्यापासून थोडं बाजूला जाऊन रातोरात येणाऱ्या सुजेकडे वळू. पावसाळ्याच्या तोंडाशी सकाळी दार उघडावं तर कुत्र्याचं तोंड ओळखू येत नाही, इतकं सुजलेलं. गांधीलमाशी असेल तर ओठ आणि पापण्या सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि इंजेक्शनने दोन-चार तासांत उतरतं. श्वासाला घरघर लागली तर मात्र ती तातडीची गोष्ट. पण तोंडाच्या किंवा पायाच्या एकाच जागी तणतणीत, काळीनिळी, वाढत जाणारी सूज असेल तर तो फुरशाचा किंवा घोणशीचा दंश समजून चाला. एकोणिसाव्या शतकात, मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं तेव्हा, सरकारने फुरशांवर बक्षीस लावलं होतं आणि ती लाखांनी मारली गेली. फुरसं संपलं नाही. आजही चिऱ्यांच्या ढिगात आहे, कुत्रं हुंगायला जातं आणि नाकावर घेतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे गळ्यातला पट्टा काढा. सूज मानेकडे उतरली की पट्टा फास होतो. दोरी बांधू नका, चीर देऊ नका, चुना-हळद लावू नका, त्याला पळू देऊ नका, उचलून आणा. दवाखान्यात मी दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतो आणि नळी टेबलावर उभी ठेवून देतो. वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच वाकडी करायची. रक्त गोठून घट्ट झालं असेल तर जीवात जीव येतो. पाण्याप्रमाणे वाहिलं तर विषाने गोठण्याची यंत्रणा मोडली आहे, आणि प्रतिविष द्यायलाच हवं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. आंबोलीकडच्या चापड्यावर ते बनवलेलं नाही. लोक विचारतात, लहान कुत्रं आहे, अर्धं दिलं तर चालेल? नाही चालणार. साप कुत्र्याचं वजन पाहून विष सोडत नाही, आणि प्रतिविष विषाला पुरायचं असतं, कुत्र्याला नव्हे.

एक गोष्ट अगदी काकुळतीने सांगतो. कुठलीही सूज असो, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बंद पडतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर देशात 2006 मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, कारण औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. माणसाच्या दुकानात मात्र ते मिळतं, घरातल्या डब्यात असतं, आणि सुजलेल्या पायाच्या कुत्र्याला पोळीत लपवून दिलं जातं. सर्पदंशात तर त्याने रक्तस्राव आणखी वाढतो.

आता पाणी काढण्याकडे परत येतो, कारण ते कधी आणि किती काढायचं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत जलोदराच्या उपचारात नाभीखाली डाव्या बाजूला भेद करून नळीने पाणी काढायला सांगितलं आहे, आणि सगळं पाणी एका दिवसात काढू नये, थोडं थोडं काढावं, काढल्यावर पोट पट्ट्याने बांधावं, असंही बजावलं आहे. इतक्या शतकांपूर्वी ही सावधगिरी कुणा वैद्याने अनुभवातूनच शिकलेली असणार. एकदम काढलं की दाब उतरून रक्ताभिसरण कोसळू शकतं. आणि काढलेल्या पाण्याबरोबर प्रथिनही जातं, त्यामुळे वारंवार काढाल तितकं ते लवकर भरतं.

कुत्र्यात आम्ही सुई नाभीच्या थोडी मागे, मध्यरेषेच्या उजवीकडे घालतो, डावीकडे प्लीहा असते म्हणून. आधी लघवी करवून घेतो, जागा भादरून स्वच्छ करतो. पहिले काही मिलिलिटर हे उपचारासाठी नसतात, उत्तरासाठी असतात. नळीत आलेलं पाणी मी उजेडात धरतो. रंगहीन, स्वच्छ आलं तर अल्ब्युमिन गेलंय: जंत, आतडं, मूत्रपिंड, यकृत यांत शोधा. पिवळसर किंवा किंचित गुलाबी आणि प्रथिन थोडं जास्त असेल तर हृदयाकडे बघा. गढूळ, वास मारणारं असेल तर आत संसर्ग आहे, पाणी काढून भागणार नाही, पोट उघडावं लागेल. न गोठणारं रक्तच आलं तर प्लीहेतली गाठ फुटलेली असू शकते, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात हे नेहमी दिसतं. लघवीचा वास आला तर मूत्राशय फाटलंय. रस्त्यावर गाडीची धडक बसलेल्या कुत्र्यात ते आधी मनात आणावं. थेंबभर पाण्यात एवढं सगळं वाचता येतं. एवढं वाचून झालं की मग श्वास मोकळा होण्यापुरतं काढायचं आणि थांबायचं.

मला माहीत आहे, यानंतर प्रश्न येतो तो पैशाचा आणि अंतराचा. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, ईसीजी हे सगळं कुत्र्यासाठी लागतं, आणि त्यासाठी लोकांना गोवा किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. मुंबईत परळला प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण आजारी कुत्र्याला घेऊन पाचशे किलोमीटर कोण जाणार? आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले, आणि गावाच्या पोटापाण्यासाठी ते योग्यच होतं. पण तिथला डॉक्टर कुत्र्यालाही तपासतो, आणि 1962 हा नि:शुल्क क्रमांक पशुचिकित्सेसाठीच आहे, तो घरात लिहून ठेवा. शिवाय आज मी सांगितलेल्या कारणांपैकी जंत, गोचीड, खारं आणि बुरसटलेलं अन्न या चारांना ना सोनोग्राफी लागते ना कोल्हापूर.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती या सभागृहातच मान्य होण्याजोगी आहे. मे महिन्याच्या शेवटी, होड्या वर ओढून घेतात आणि जाळी घराकडे येतात, तेव्हा वाडीतली माणसं जरा मोकळी असतात. त्या आठवड्यात दांडी, धुरीवाडा, मेढा, वायरी, तारकर्ली, देवबाग इथे एकेक दिवस ठरवू. वाडीतली सगळी कुत्री, मालकाची आणि बिनमालकाची, जंताचं औषध आणि गोचिडाचं औषध. पावसाच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. भिंतींच्या सांध्यांवर फवारणी तरुण मुलांनी करायची, औषधाचं प्रमाण मी लिहून देईन. व्यालेल्या कुत्र्या कुठे आहेत हे मुलांनाच सर्वांत आधी ठाऊक असतं, त्यांनी त्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा आठवडा कधी येतो ते त्यांना काढता येईल. औषधाचा खर्च वाडीने अर्धा उचलावा, अर्ध्याची व्यवस्था करू.

नावं द्यायची असतील त्यांच्यासाठी वही दाराशी ठेवली आहे. आता प्रश्न घेतो. आणि मागच्या रांगेत ज्या ताई त्यांच्या कुत्र्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या आहेत, त्यांनी कृपया आधी पुढे यावं.